तेल नको, मग हवा तरी द्या

कन्नड तालुक्यात डीपी जळण्याचा हंगाम उन्हाळ्यात नसतो, रब्बीत असतो. पिशोर, नाचनवेल, चिंचोली लिंबाजी, करंजखेड या पट्ट्यात दिवाळीनंतर विहिरींना पाणी असते, गहू-हरभरा-मका पाण्यावर आलेला असतो, आणि थ्री फेज आली रे आली की ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एका दमात उचलतात. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा विहिरींनी तळ गाठलेला असतो, मोटारी बंद असतात आणि तीच डीपी रणरणत्या उन्हात निवांत गुणगुणत उभी असते. ट्रान्सफॉर्मरला मारणारी उष्णता बहुतेक वेळा त्याच्या पोटातच तयार होते, हे इथल्या शेतकऱ्याला पुस्तक न वाचता ठाऊक आहे.

डीपी जळाल्यानंतरचे सोपस्कारही ठरलेले. ग्रामीण भागात ४८ तासांत ट्रान्सफॉर्मर बदलून मिळावा, असे राज्य वीज नियामक आयोगाचे मानक आहे. प्रत्यक्षात ट्रॉली जोडून, वर्गणी काढून जळका ट्रान्सफॉर्मर नेण्या-आणण्याचे काम पुष्कळदा शेतकऱ्यांच्याच अंगावर येते. त्यात तेलाची चोरी आणि गळती वेगळीच. या वैतागातून एक प्रश्न हमखास विचारला जातो: संभाजीनगरच्या मॉलमध्ये, मोठ्या दवाखान्यांत बिनतेलाचे ट्रान्सफॉर्मर बसवतात म्हणे, मग आमच्या शिवारात ते का नाहीत? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र दोन वाक्यांत देता येत नाही, कारण तेल काढून घेतले की ट्रान्सफॉर्मरच्या उष्णतेचा सगळा हिशेबच नव्याने मांडावा लागतो. तो कसा मांडतात आणि आपल्याकडे तो कुठे चुकतो, हे पाहण्यासाठी हा आढावा.

ट्रान्सफॉर्मरमध्ये उष्णता दोन ठिकाणी होते. एक लोखंडी गाभ्यात. वीज चालू असेपर्यंत, मग लोड असो वा नसो, गाभा सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट चुंबकित होत राहतो आणि त्यात ठरावीक ऊर्जा खर्ची पडते. दुसरी वाइंडिंगमध्ये. ही मात्र करंटच्या वर्गाने वाढते: निम्म्या लोडवर पूर्ण लोडच्या चौथा हिस्सा, दीडपट लोडवर सव्वादोन पट. कन्नडच्या डीपीचे गणित या सव्वादोनमध्येच अडकलेले आहे. शंभर केव्हीएच्या डीपीवर मंजूर जोडण्यांखेरीज आकडे पडले, मोटारींना कॅपॅसिटर नसले, की करंट दीडपट व्हायला वेळ लागत नाही. आणि दीडपट करंट म्हणजे ‘थोडी जास्त’ उष्णता नव्हे, हे कुणी लक्षात घेत नाही.

ही उष्णता बाहेर न्यायचे काम नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल करते. तेच तेल इन्सुलेशनही आहे. एक लिटर तेल एका अंशाने तापताना जेवढी उष्णता पोटात घेते, तेवढी घ्यायला सुमारे १४०० लिटर हवा लागते. तेल गरम झाले की आपोआप वर चढते, टाकीच्या फिन्समधून थंड होत खाली येते. पंप नाही, मोटर नाही. शिवाय तेलाचा साठा मोठा असल्याने त्याचा स्वभाव सावकाश असतो. लोड अचानक वाढला तरी तेल तापायला काही तास घेते, आणि तेवढ्यात मोटारी बंद होऊन संकट टळूही शकते. गावची डीपी एवढा अत्याचार सोसते ती या साठ्याच्या जिवावर. कोरड्या ट्रान्सफॉर्मरपाशी अशी पुंजी नसते. तेलाचे काम आजूबाजूच्या हवेने करायचे आणि हवेला तर काहीच साठवता येत नाही. तिला सतत येत-जात राहावे लागते.

मग कोरडा ट्रान्सफॉर्मर बनवायचाच कशाला? आगीमुळे. खनिज तेल दीडशे अंशांच्या आसपास पेट घेण्याजोगी वाफ सोडते. टाकी फुटली तर शेकडो लिटर जळते तेल तळघरातून वाहू लागते. यावर तोडगा म्हणून एके काळी पीसीबी जातीचे न पेटणारे द्रव वापरले गेले. पण ते निसर्गात कुजत नाहीत आणि माणसाच्या शरीरात साचतात हे कळल्यावर १९७०च्या दशकात अमेरिकेने त्यांच्यावर बंदी आणली, इतरांनीही तोच मार्ग धरला. त्याच सुमारास युरोपात इपॉक्सी ओतून घट्ट केलेल्या वाइंडिंगचे, म्हणजे कास्ट रेझिनचे, ट्रान्सफॉर्मर रुळले. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१०च्या सुरक्षा नियमांनी निवासी आणि व्यापारी इमारतींच्या आत कोरडाच ट्रान्सफॉर्मर बसवावा असे घातले. मुंबईच्या भुयारी मेट्रोची स्थानके, उंच टॉवर, विदा केंद्रे, मोठे दवाखाने ही त्याची घरे झाली, ती या कारणाने. कन्नडहून साठेक किलोमीटरवर संभाजीनगरात आणि वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत तो दिसतो. कन्नड शहरात क्वचितच.

कोरड्यातही दोन घराणी आहेत. एकात वाइंडिंग व्हार्निशमध्ये निर्वात दाबाखाली भिजवून भाजतात. इन्सुलेशन पातळ, हवेच्या वाटा मोकळ्या, त्यामुळे उष्णता चटकन बाहेर पडते, पण दमट हवेला ते बळी पडते. दुसरे घराणे कास्ट रेझिनचे. ओलावा आणि धूळ त्याच्या आत शिरत नाही, मात्र उष्णतेलाही जाड इपॉक्सीतून वाट काढावी लागते. तांबे उष्णता जितकी वाहते, त्याच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी नुसते इपॉक्सी वाहते. म्हणून त्यात क्वार्ट्झची बारीक भुकटी मिसळतात. वहन तिप्पट-चौपट सुधारते आणि आगीलाही आडकाठी होते. वाइंडिंगच्या थरांमध्ये उभ्या पोकळ्या ठेवतात, त्यांतून हवा खालून वर चिमणीसारखी ओढली जाते. या पोकळ्या किती रुंद असाव्यात हा डिझायनरचा खरा कसोटीचा प्रश्न. अरुंद ठेवल्या तर हवा भिंतींना घासत मंदावते, रुंद ठेवल्या तर तांबे, लोखंड आणि किंमत तिन्ही वाढतात.

आणखी एक कारागिरीची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. कास्ट रेझिनमध्ये अॅल्युमिनियमची पन्नी वापरलेली दिसली की ग्राहक नाक मुरडतो, तांबे वाचवले म्हणतो. पण तापल्यावर अॅल्युमिनियम जितके फुगते ते इपॉक्सीच्या फुगण्याला तांब्यापेक्षा जवळचे आहे. रोज तापून-निवून वर्षानुवर्षे काढायची तर दोन्ही पदार्थ एकमेकांच्या चालीने चालणे बरे. नाहीतर इपॉक्सीला केसासारख्या चिरा पडतात, चिरेतल्या हवेत बारीक ठिणग्या उडू लागतात आणि एके दिवशी वाइंडिंग फुटते. तांब्याचे ट्रान्सफॉर्मरही उत्तम बनतात, प्रश्न फक्त ओतकामाच्या शिस्तीचा आहे. ठिणग्यांचा हा रोग कारखान्यातच पकडता यावा म्हणून आयईसी ६००७६-११ या मानकात १० पिकोकुलोंबची मर्यादा घातलेली आहे.

आता तापमानाच्या मर्यादा. इन्सुलेशनचे वर्ग ठरलेले आहेत: एफ वर्ग १५५ अंश, एच वर्ग १८०, त्यापुढे २२० चाही आहे. कास्ट रेझिन बहुधा एफ वर्गात येते. मानक म्हणते, एफ वर्गाच्या वाइंडिंगचे सरासरी तापमान भोवतालच्या हवेपेक्षा १०० अंशांपर्यंत वाढले तर चालेल. भोवतालची हवा जास्तीत जास्त ४० धरलेली आहे. चाळीस अधिक शंभर, एकशेचाळीस. वरचे पंधरा अंश वाइंडिंगमधल्या सर्वांत तापलेल्या जागेसाठी राखीव. कागदावर चोख बसते.

पण त्याच मानकाने वर्षभराची सरासरी २० अंश गृहीत धरली आहे. हा युरोपचा हिशेब झाला. मराठवाड्याची वार्षिक सरासरी पंचविशीच्या पुढे असते, आणि संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, २५ मे १९०५ रोजी पारा ४६च्या घरात गेल्याची जुनी नोंद आहे. भारतीय मानके म्हणून कमाल ५० आणि वार्षिक सरासरी ३२ धरायला सांगतात. भोवताल दहाने वाढला की वाढीची मुभा दहाने कमी करायची, म्हणजे शंभराऐवजी नव्वद. चांगल्या निविदेत ‘५० अंश भोवतालावर ९० अंश वाढ’ असे स्वच्छ लिहिलेले असते. ते न लिहिता नुसते ‘एफ वर्ग’ लिहिले, तर पुरवठादार ४० अंशांचे यंत्र देऊन मोकळा होतो आणि त्यात त्याचा दोषही काढता येत नाही. जाता जाता: हजार मीटरच्या वर विरळ हवेमुळे ही मुभा दर ५०० मीटरला अडीच टक्क्यांनी आणखी घटते, पंख्यावर चालणाऱ्या यंत्रात पाच टक्क्यांनी. कन्नड पठारावर असले तरी त्या रेषेच्या बरेच खाली आहे. महाबळेश्वरच्या एखाद्या हॉटेलने मात्र हे पाहायला हवे, तेही दोनेक टक्क्यांपुरतेच.

निविदा नीट लिहिली तरी पन्नास अंश हे कुठले? हवामान खात्याच्या पेटीतले नव्हेत. ट्रान्सफॉर्मरच्या बुडाशी जी हवा आत शिरते तिचे. आणि इथेच आपल्याकडचा सगळा घोटाळा होतो, कारण कोरडा ट्रान्सफॉर्मर विकत घेणारा माणूस खरे तर एक खोली विकत घेत असतो, पण निविदेत ती नसते. यंत्र विद्युत अभियंता निवडतो, खोली वास्तुरचनाकार आखतो, आणि खिडकीची जाळी कंत्राटदार बसवतो. तिघांची गाठ पडतेच असे नाही.

आकड्यांनी पाहू. १००० केव्हीएचा कोरडा ट्रान्सफॉर्मर पूर्ण लोडवर सुमारे १२ किलोवॅट उष्णता सोडतो. ही उष्णता खोलीतून काढताना हवा १५ अंशांनी तापू द्यायची असे ठरवले, तर मिनिटाला ४० ते ४५ घनमीटर हवा लागते. पुस्तकी सल्ला साधारण असाच असतो. युरोपात बाहेर २५ अंश, खोलीत ४०, छान. संभाजीनगरात मे महिन्याच्या दुपारी बाहेर ४२, म्हणजे खोलीत ५७! यंत्र पन्नासचे आणि त्याला श्वास सत्तावन्नचा. खोली पन्नासवर राखायची तर हवा आठच अंशांनी तापू देता येईल, आणि मग तीच हवा मिनिटाला ८०च्या आसपास लागेल, जवळजवळ दुप्पट. पंख्याविना नुसत्या झरोक्यांवर भागवायचे असेल तर एक सोपे सूत्र युरोपातले उत्पादक देतात: किलोवॅटमधल्या उष्णतेला ०.१८ ने गुणायचे आणि खालच्या-वरच्या झरोक्यांतल्या उंचीच्या वर्गमुळाने भागायचे. १२ किलोवॅट आणि तीन मीटर उंची धरली तर खालचा झरोका सव्वा चौरस मीटर येतो, वरचा त्याहून दहा टक्के मोठा. हे सूत्रसुद्धा वीस अंश वार्षिक सरासरी धरून बांधलेले आहे, म्हणजे आपल्यासाठी ही किमान पायरी. आणि क्षेत्रफळ मोकळ्या जागेचे. लूव्हरच्या पट्ट्या आणि उंदराची जाळी बसली की अर्धीअधिक जागा तिथेच जाते.

अशा एखाद्या तळघरातल्या खोलीत उन्हाळ्यात दुपारी डोकावले तर काय दिसते? दाराला लागून खालचा झरोका. त्याच्यापुढे जुन्या खुर्च्या आणि रंगाचे डबे, कारण इमारतीतली हीच एक जागा जिला कोणी विचारत नाही. वरचा झरोका आतून पत्रा ठोकून बंद, कारण त्याच्या वर कोणाची तरी केबिन आहे आणि गुणगुण ऐकू जाते. एक्झॉस्ट फिरतो आहे, पण वरच्या झरोक्याच्या नव्हे तर दाराच्या बाजूला, त्यामुळे आत आलेली ताजी हवा यंत्राला वळसा न घालता तशीच बाहेर जाते. पॅनेलवरच्या तापमापकात तीन आकडे आळीपाळीने चमकतात: आर ११२, वाय १२१, बी ११३. मधला नेहमीच थोडा जास्त असतो, कारण गाभ्याच्या मधल्या खांबावरच्या वाइंडिंगला दोन्ही बाजूंनी शेजारी तापवतात. शेजारी पंख्याचा स्विच ‘मॅन्युअल’वर आहे, कधीतरी पंखा खडखडला म्हणून कोणी तो तसा केला आणि तो तसाच राहिला. विद्युत सुरक्षेच्या पाहणीचा कागद मात्र भिंतीवर फ्रेम करून लावलेला. यातले एकही काम अवघड नाही. पण ही खोली कोणाच्याच नोकरीच्या वर्णनात नाही.

आता ट्रान्सफॉर्मरच्याच बुडाशी बसवलेल्या पंख्यांबद्दल. नुसत्या हवेवर चालणाऱ्या यंत्राला हे पंखे जोडले की क्षमता २५ ते ४० टक्के वाढते, असे माहितीपत्रक सांगते, आणि ते खरेही आहे. म्हणून ‘हजारचा घेऊ, पंख्यावर चौदाशेचा होईल’ असा विचार करणारे पुष्कळ. एक गोष्ट त्यात राहून जाते. चौदाशेवर वाइंडिंगमधली उष्णता जवळजवळ दुप्पट होते. पंखे ती वाइंडिंगमधून उचलून खोलीत टाकतात; खोलीतून बाहेर कोण टाकणार? झरोके तेवढेच ठेवले तर पंखे तीच गरम हवा पुन्हा यंत्राच्या अंगावर फेकत राहतात. माझ्या मते पंखे ही आडवेळेची सोय आहे. दोनपैकी एक ट्रान्सफॉर्मर बंद पडला, लग्नसराईत हॉलचा लोड चढला, अशा वेळी ते कामाला यावेत. त्यांच्या भरवशावर रोजचा संसार मांडणे म्हणजे बेअरिंगच्या आयुष्याला ट्रान्सफॉर्मरचे आयुष्य बांधणे.

खोलीला एसी लावावा का? लावतात. १२ किलोवॅट म्हणजे साडेतीन टनांचा एसी, आणि तो स्वतः तीन-चार किलोवॅट खाणार. झरोका मोठा करण्याच्या खर्चापुढे हा कायमचा भुर्दंड आहे. समुद्रकाठी खारी हवा आत येऊ द्यायची नसेल किंवा जागाच बंदिस्त असेल तर गोष्ट वेगळी.

उष्णतेचा आणखी एक झरा गेल्या तीस वर्षांत वाढला तो हार्मोनिक्सचा. यूपीएस, एलईडी, संगणक, लिफ्ट आणि चिलरचे ड्राइव्ह, दवाखान्यातले सीटी स्कॅन ही सगळी मंडळी करंट सरळ लाटेत न घेता तुकड्या-तुकड्यांत ओढतात. त्यात पन्नासच्या पटीतल्या वारंवारिता मिसळलेल्या असतात, आणि वाइंडिंगमधल्या भोवरी प्रवाहांची उष्णता त्या पटीच्या वर्गाने वाढते. पाचव्या पटीतला करंट त्याच मापाच्या साध्या करंटपेक्षा पंचवीस पट भोवरी उष्णता करतो. तिसऱ्या पटीचा करंट डेल्टा वाइंडिंगमध्ये गोल फिरत राहतो आणि बाहेरच्या मीटरवर दिसतही नाही. अॅमीटर म्हणतो सत्तर टक्के लोड, वाइंडिंग म्हणते शंभर. म्हणून अशा जागी हार्मोनिक्स सोसायला बांधलेला, के-फॅक्टरचा ट्रान्सफॉर्मर मागवतात, किंवा साधाच घेऊन त्याला मुद्दाम कमी लोडवर चालवतात. तेलाच्या यंत्रालाही हार्मोनिक्स छळतातच. पण कोरड्याच्या वाट्याला नेमकी हीच गिऱ्हाइके आलेली आहेत.

आणि धूळ. कन्नडच्या बाजूला कापूस आहे, जिनिंग आहे. जिनिंगच्या आवारात हवेत तरंगणारे तंतू महिनाभरात प्रत्येक जाळीवर पांघरूण घालतात. वाइंडिंगमधल्या त्या उभ्या पोकळ्या दोनेक सेंटिमीटरच्या. त्यांच्या तोंडाशी तंतू बसले की चिमणी बुजली. बाहेरून यंत्र स्वच्छ दिसते, आतून गुदमरते. साफसफाई वीज बंद करून, अर्थिंग लावून, व्हॅक्युमने किंवा कमी दाबाच्या कोरड्या हवेने करायची. जोराचा झोत मारला तर धूळ आणखी आत दामटली जाते. इथे एक इशारा आवर्जून द्यावासा वाटतो. कास्ट रेझिनची गुळगुळीत कांडी पाहून ‘हे तर इन्सुलेटेडच आहे’ म्हणून चालू यंत्रावर फडके फिरवायला जाणारे असतात. त्या पृष्ठभागाला जिवंतच समजायचे. अकरा हजार व्होल्टचा विद्युतदाब इपॉक्सीच्या बाहेरही जाणवतो आणि हात जवळ नेला तरी तो उडी घेऊ शकतो.

तापमान मोजायला वाइंडिंगच्या वरच्या टोकाशी पीटी-१०० बसवलेले असतात, प्लॅटिनमची तार, शून्य अंशाला शंभर ओहम, शंभर अंशाला साडेअडतीस जास्त. एफ वर्गात साधारणपणे शंभरच्या आसपास पंखे सुरू, १३०-१४०ला घंटा, दीडशेला ट्रिप अशी रचना असते. हे चांगलेच आहे, पण पीटी-१०० एका जागेचे तापमान सांगतो. खरा तप्त बिंदू त्याच्यापासून दोन बोटे दूर असू शकतो. हातात धरायचा थर्मल कॅमेराही बाहेरची एचटी (उच्चदाबाची) कॉइल पाहतो. आतली एलटी (लघुदाबाची) कॉइल, जी अधिक तापते, त्याला दिसतच नाही. तरीही कॅमेऱ्याचा उपयोग मोठा आहे. ढिला बोल्ट, गरम झालेली बसबार त्याला लगेच सापडते, आणि तक्रारी निम्म्या तिथल्याच असतात. माझ्या दृष्टीने सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित साधन म्हणजे वही. रोज दुपारी तीनला तिन्ही फेजचे अंश, खोलीचे अंश आणि लोड लिहिला, तर दोन उन्हाळ्यांत यंत्राची प्रकृती कळते. तोच लोड, तीच खोली, आणि आकडा आठ अंशांनी वर? पोकळी बुजली, किंवा पंखा मेला.

आठ अंशांना घाबरायचे का? हो. जनरल इलेक्ट्रिकचे अभियंते मॉन्टसिंगर यांनी १९३०मध्ये मांडलेला ठोकताळा आजही मूळ धरून आहे: तापमान आठ-दहा अंशांनी वाढले की इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते. ठोकताळा तेल-कागदाचा, इपॉक्सीसाठी आकडा थोडा मागेपुढे होतो, दिशा तीच. याची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. आपल्या खोल्या मे महिन्यात होरपळतात, पण डिसेंबरच्या रात्री कन्नड-वेरूळकडे पारा दहाच्या जवळ येतो आणि तेव्हा वय वाढणे जवळजवळ थांबते. म्हणून एका दुपारी १४५ दिसले म्हणून यंत्र मोडीत काढायचे नसते. वर्षाचा जमाखर्च पाहायचा असतो.

पावसाळ्यात तर उष्णता मित्र होते. चालू ट्रान्सफॉर्मर आपल्या गाभ्याच्या उबेने स्वतःला कोरडा ठेवतो. शाळा, सभागृहे, हंगामी कारखाने यांत महिनोन् महिने बंद ठेवलेले यंत्र ओल धरते, व्हार्निशचे तर विशेषच, आणि सुट्टी संपल्यावर मेगरने इन्सुलेशन न तपासता थेट चालू केले की धडाका होतो. म्हणून बंद काळात आत छोटे हीटर जळते ठेवतात.

उष्णता बाहेर काढण्यापेक्षा ती कमी निर्माण करणे केव्हाही बरे, हे सगळ्यांना पटते. पैसे मोजायची वेळ आली की पटत नाही. गाभ्यातली एक किलोवॅट हानी वर्षभरात ८७६० युनिट खाते. आठ रुपये युनिट धरले तर सत्तर हजार, दरवर्षी, वीस वर्षे. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने कोरड्या ट्रान्सफॉर्मरसाठी निम्म्या आणि पूर्ण लोडवरच्या हानीच्या कमाल मर्यादा दिल्या आहेत. युरोपने २०२१च्या जुलैपासून आपल्या मर्यादा आणखी आवळल्या. काचेसारख्या अस्फटिक धातूचा गाभा लोखंडी हानी निम्म्याहून कमी करतो. तो महाग आणि आकाराने मोठा, आवाजही थोडा जास्त, पण बहुतेक वेळ कमी लोडवर चालणाऱ्या दवाखान्याला किंवा महाविद्यालयाला तोच परवडणारा.

आता शिवारातल्या प्रश्नाकडे. कोरडा ट्रान्सफॉर्मर उघड्यावर ठेवायचा तर त्याला पावसापासून वाचवणारी पेटी हवी, पेटी घातली की हवा अडते, हवा अडली की क्षमता घटते. मक्याच्या काढणीचा भुसा, रस्त्याची धूळ, पोकळीत घर करणारे उंदीर-पाली, वर वीज पडण्याची भीती. आणि किंमत तेलाच्या यंत्रापेक्षा बरीच जास्त. सगळ्यांत मोठी अडचण स्वभावाची आहे. ऑटो स्विचवर एका दमात उचलणाऱ्या वीस मोटारी सोसायला जो सावकाशपणा लागतो, तो तेलापाशीच आहे. तेल चोरणारा तांबेही चोरतोच. म्हणून कन्नडच्या डीपीवर इलाज कोरडेपणाचा नाही. महावितरणने २०१८पासून राबवलेली उच्चदाब वितरण प्रणाली, म्हणजे एक-दोन शेतकऱ्यांना १० किंवा १६ केव्हीएचा स्वतंत्र छोटा ट्रान्सफॉर्मर, ही जास्त नेमकी वाट होती. ज्याची डीपी त्याचा लोड, आकडा टाकायला दुसरा येत नाही. सौर कृषी वाहिनीमुळे आता पाण्याची वेळ रात्रीची दिवसावर येते आहे. शेतकऱ्याची झोप वाचली, विंचू-काट्याची भीती गेली. ट्रान्सफॉर्मरला मात्र लोड आणि ऊन एकाच वेळी सोसावे लागेल, आणि ऑक्टोबर हीटमध्ये त्याचा परिणाम काय दिसतो हे शाखा कार्यालयांनी नोंदवून ठेवायला हवे.

तेल आणि हवा यांच्या मधली एक वाट अलीकडे रुंदावते आहे: वनस्पतिजन्य किंवा कृत्रिम एस्टर. या द्रवाचा ज्वलनबिंदू तीनशे अंशांच्या वर, तो जमिनीत सांडला तरी कुजून जातो आणि कागदातला ओलावा ओढून घेतो. इमारतीच्या आत आपले नियम अजून कोरड्याकडेच बोट दाखवतात. पण दवाखान्याला लागून मोकळे अंगण असेल, तर तळघरात कोंडलेल्या कोरड्या यंत्रापेक्षा अंगणातले एस्टरचे यंत्र मी निवडीन. तेलाचा साठा मिळतो, आगीची धास्ती बरीच कमी होते, आणि हवेसाठी कोणाच्या केबिनचा आवाज आड येत नाही.

अंगण जिथे नाहीच अशी एक जागा कन्नडच्या उशाशीच आहे. औट्रम घाटात २०२१च्या ऑगस्ट अखेरीस दरडी कोसळून सोलापूर-धुळे महामार्ग ठप्प झाला, आणि घाटाखालून बोगदा काढण्याची जुनी मागणी पुन्हा वर आली. बोगदा होईल तेव्हा दिवे, पंप आणि धूर ओढणारे महाकाय पंखे यांच्यासाठी आत ट्रान्सफॉर्मर लागतील, आणि तेल तिथे कोणी नेऊ देणार नाही. कातळात कोरलेल्या कोनाड्यात ते बसतील, गाड्यांची काजळी त्यांच्या पोकळ्यांत शिरेल, आणि हवा हवी तर तीही त्याच पंख्यांकडून मागावी लागेल जे या ट्रान्सफॉर्मरवरच चालतात. कोनाडा किती खोल, त्याची हवा बोगद्यातून घ्यायची की वेगळ्या नळीने बाहेरून, काजळी गाळायची जाळी महिन्याला बदलायची की तिमाहीला, आणि आग लागून मुख्य पंखे पूर्ण जोरात फिरतील तेव्हा लोड आणि हवा दोन्ही एकदम किती चढतील, हे आराखड्याच्या पहिल्या पानांतच लिहावे लागेल.